लाख रुपयांचा चरखा

१९२९ साली अखिल भारत चरखा संघानं सुधारलेल्या चरख्यासाठी एक बक्षीस जाहीर केलं: रोख १ लाख रुपये. परदेशातल्या कारागिरांनाही भाग घेता यावा म्हणून रक्कम पौंडांतही छापली होती. पण रकमेपेक्षा वाचण्यासारख्या आहेत त्या अटी. चरखा हलका आणि सहज उचलून नेता येईल असा हवा. खेड्यातल्या झोपडीत हातानं किंवा पायानं चालवता आला पाहिजे. बाईमाणसाला त्यावर फार न थकता सलग आठ तास काम करता आलं पाहिजे. सूत १२ ते २० नंबरचं निघालं पाहिजे, आणि आठ तासांत किती निघावं तेही आकड्यात दिलेलं. यंत्र हिंदुस्थानात बनवता यावं, किंमत १५० रुपयांच्या वर जाऊ नये. वेळच्या वेळी देखभाल केली तर २० वर्षं चालावं आणि देखभालीचा वर्षाचा खर्च किमतीच्या ५ टक्क्यांवर जाऊ नये.

पुण्याच्या किंवा बंगळुरूच्या एखाद्या कंपनीत नव्या उत्पादनाचं काम सुरू होताना जो 'रिक्वायरमेंट'चा कागद फिरतो, तो इतका नेमका क्वचितच असतो. गिऱ्हाईक कोण, ते काम कुठं बसून करणार, किती वेळ करणार, किंमत किती, आयुष्य किती, सगळं एका पानात. वर ठरलेली मुदत, परीक्षक आणि लाखाचं आमिष.

बक्षीस कुणालाच मिळालं नाही.

नवं उत्पादन बाजारात यायला उशीर का होतो आणि तो उशीर सॉफ्टवेअर लावून कितपत कमी करता येतो, हा प्रश्न सध्या उद्योगात जोरात आहे. प्रोजेक्ट मॅनेजमेंट 'ऑटोमेट' करून देतो म्हणणाऱ्या कंपन्या दर महिन्याला निघतात. त्यांच्या जाहिराती वाचून झाल्यावर सेवाग्रामला एक चक्कर मारावी, अशी माझी शिफारस आहे. वर्धा आणि सेवाग्राम यांच्यात अंतर जेमतेम आठ किलोमीटरचं. एवढ्या टापूत एकाच वस्तूच्या घडणीचा जवळजवळ नव्वद वर्षांचा माग काढता येतो. तिथं वेग कधी मिळाला, कधी मिळाला नाही आणि कधी मिळूनही पस्तावायची वेळ आली, हे सगळं उघड्यावर आहे.

अटी पक्क्या, मुदत पक्की

लाखाच्या स्पर्धेत भाग घेणारे काही हौशे-गवशे नव्हते. लोखंडी नांगर घडवून महाराष्ट्राला यंत्राची गोडी लावणाऱ्या किर्लोस्करवाडीनंही त्यासाठी एक यंत्र तयार केलं होतं. तेही अटींवर उतरलं नाही. मग घोडं अडलं कुठं?

अटी एकेक करून पाहिल्या तर प्रत्येक पुरी करता येण्यासारखी होती. अडचण त्या एकमेकींशी भांडतात ही होती. २० वर्षं टिकायचं तर लोखंड वाढतं, लोखंड वाढलं की वजन वाढतं. सूत जास्त काढायचं तर चात्या वाढतात, चात्या वाढल्या की चालवणाऱ्या बाईच्या दंडावर किंवा पायावर भार येतो. किंमत धरून ठेवायची तर दोन्हीकडे हात आखडतो. यातलं काय सोडायचं आणि काय कदापि सोडायचं नाही, हे अटींच्या कागदात लिहिलेलं नव्हतं. ते लिहिता येतही नाही. ते नमुना हातात घेऊन, दोन माणसांनी समोरासमोर बसून ठरवायचं असतं.

आणि बसायची सोय इथं नव्हती. स्पर्धकानं आपल्या गावी, आपल्या खर्चानं यंत्र पुरं करायचं आणि मुदतीच्या आत पाठवून द्यायचं. परीक्षा एकदाच, सगळ्यात शेवटी. मधल्या काळात कातणारीच्या घरात ते यंत्र कसं वागतं, हे कळायला वाटच नव्हती. आज मोठमोठे प्रकल्प याच खड्ड्यात जातात. वर्षभर काम चालतं, रकाने भरले जातात आणि वापरणाऱ्याची पहिली प्रतिक्रिया येते ती शेवटच्या महिन्यात. तोवर बदल करणं म्हणजे घर पाडून पुन्हा बांधणं.

मगनवाडीतली छोटी पावलं

याच्या अगदी उलट प्रकार वर्ध्यात घडत होता. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पांनी वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचा कारभार मांडला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या या जागेला नाव मिळालं मगनलाल गांधींचं. चरख्याच्या तंत्रावर साबरमतीत सर्वांत जास्त मेहनत घेतलेला हा माणूस १९२८ मध्येच गेला होता. गांधीजी आधी मगनवाडीत राहिले आणि ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावला गेले. तेच गाव १९४० मध्ये सेवाग्राम झालं. ३० डिसेंबर १९३८ रोजी त्यांच्याच हस्ते मगन संग्रहालय उघडलं. आजही तिथं गेलं की चरख्यांचे नमुने पाहायला मिळतात. ते नुसते जुने म्हणून पाहिले तर पाच मिनिटांत संपतात. कुठल्या नमुन्यानं आधीच्याची कुठली अडचण सोडवली, हे विचारत पाहिले तर दुपार पुरत नाही.

उभा चरखा घरात जागा अडवतो आणि प्रवासात नेता येत नाही. म्हणून गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना पेटीचा चरखा घडला: एक मोठं चाक, एक लहान, आणि झाकण मिटलं की सगळं हातात धरून चालू लागावं. दोन चाकांच्या जोडीमुळं लहान आकारातही चातीला पुरेसे फेरे मिळाले. पुढं कोपराच्या दुखण्यामुळं एक हात चाकावर ठेवणं गांधीजींना जड जाऊ लागलं, तेव्हा प्रभुदास गांधींनी तयार केलेला मगन चरखा कामी आला. तो पायानं चालतो. त्यामुळं दोन्ही हात मोकळे राहतात आणि दोन चात्यांवर एकाच वेळी कातता येतं. इथं दुरुस्ती सुचवणारा आणि वापरणारा माणूस एकच होता. आज दुखलं, उद्या बदललं. त्या काळातल्या पत्रांत राजकारणाच्या शेजारीच चरख्याच्या दुरुस्त्यांची चर्चा येते, ती उगीच नाही.

यातला मला सर्वांत आवडणारा नमुना धनुष तकलीचा. तो मॉरिस फ्रिडमन या पोलिश इंजिनिअरचा. बंगळुरूच्या सरकारी विजेच्या कारखान्याची जबाबदारी सांभाळणारा हा गृहस्थ भारतानंद झाला आणि सेवाग्रामच्या वर्तुळात आला. औंध संस्थानच्या घटनेचा मसुदा करण्यातही त्याचा हात होता. कारखान्यातल्या इंजिनिअरनं चरख्याला आणखी दातेरी चाकं जोडली असती तर नवल नव्हतं. त्यानं चाकच काढून टाकलं. उरली ती एक तकली, तिला आडवं धरणारा छोटा आधार आणि एक धनुष्य. धनुष्याच्या पट्टीवर राळेसारखा चिकट लेप असतो. पट्टी तकलीवरून ओढली की घर्षणानं तकली गरगर फिरते. गावातल्या सुतारानं बांबूच्या चिपेतून करून द्यावी इतकी सोपी. मोडली तर दुसरी करायला दुपारही लागू नये.

उत्पादनाचा वेग वाढवण्याचा हा पहिला धडा, आणि तो कुठल्याही सॉफ्टवेअरच्या आधीचा आहे: भाग कमी केले की वाट पाहण्याच्या जागा कमी होतात. ज्या सुट्या भागाची ऑर्डरच द्यायची नाही, तो वेळेवर आला का, हे विचारायला कुणाला फोन करावा लागत नाही.

पडद्यावरची कार्डं

आता आजच्या यंत्राकडे येऊ. प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर नेमकं करतं काय? कामाचे तुकडे पाडून प्रत्येकाचं एक कार्ड करतं. त्यावर नाव, तारीख आणि हे काम कुठल्या कामावर अवलंबून आहे ते लिहितं. कार्ड 'करायचं आहे', 'चालू आहे', 'झालं' अशा रकान्यांतून सरकतं. ही कल्पना काही कालची नाही. हेन्री गँटचे आडव्या पट्ट्यांचे तक्ते पहिल्या महायुद्धाच्या काळातले. सुटे भाग हवे तेव्हाच मागवणारी टोयोटाची कानबान कार्डं युद्धानंतरची. कामांच्या साखळीतली कुठली कडी लांबली तर सगळं लांबेल, हे शोधण्याची 'क्रिटिकल पाथ'ची रीत १९५७ च्या सुमारास अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीत आकाराला आली आणि तिची बहीण 'पर्ट' १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी.

नवं आहे ते कार्ड आपोआप सरकणं. प्रोग्रामरनं कोड जमा केला की चाचण्या आपोआप चालतात, पास झाल्या की कार्ड पुढं जातं, नापास झाल्या की ज्याचं त्याला कळतं. कारखान्यात ड्रॉइंगचं नवं रिव्हिजन निघालं की टूलरूम, परचेस आणि क्वालिटी या तिघांनाही एकाच वेळी निरोप जातो. माल आत आल्याची नोंद पडली की असेंब्लीचं काम खुलं होतं. अलीकडे मीटिंगचं इतिवृत्त लिहून कुणी काय करायचं कबूल केलं, याची यादीही यंत्र काढून देतं. बुटीबोरीच्या कुठल्याही मध्यम कारखान्यात ज्यानं फॉलोअपचं काम केलं आहे, त्याला हे वाचूनच हायसं वाटेल. दिवसभर चार खात्यांत फिरून "झालं का?" विचारणं आणि संध्याकाळी ते एक्सेलमध्ये चढवणं, यात चांगल्या माणसांची उमेदीची वर्षं जातात. हे काम यंत्राचंच आहे आणि ते यंत्राला द्यावं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

शिवाय यंत्र एक गोष्ट उघडी पाडतं, जी डोळ्यांना दिसत नाही: काम करण्यात जातो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ काम पडून राहण्यात जातो. हिशेब सोपा आहे. एका गटाच्या हातात २४ कामं अर्धवट आहेत आणि आठवड्याला सरासरी ६ पुरी होतात. म्हणजे हाती घेतलेलं काम पुरं व्हायला सरासरी ४ आठवडे लागणार. आता माणसं तीच, मेहनत तीच, पण एका वेळी १२ च कामं हातात घ्यायची असं ठरवलं. आठवड्याला ६ पुरी होण्याचा वेग टिकला, तर प्रत्येक काम २ आठवड्यांत बाहेर पडेल. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये गणितानं सिद्ध केलेला हा नियम बँकेच्या रांगेलाही लागतो आणि इस्पितळाच्या ओपीडीलाही. एकही माणूस न वाढवता, एक रुपया न घालता वेळ निम्मा. उलट माणसं वाढवण्याचा मोह महागात पडतो. आयबीएमचं मोठं सॉफ्टवेअर करून घेतलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच बजावलं होतं की, उशीर झालेल्या प्रकल्पात नवी माणसं घातली की तो आणखी लांबतो.

मग साहेब सॉफ्टवेअर घेतात, तरी उत्पादन वेळेवर का येत नाही? कारण कार्ड सरकवणं आपोआप होतं. १२ कामं बाजूला ठेवायचा निर्णय आपोआप होत नाही. त्यासाठी कुणाला तरी 'नाही' म्हणावं लागतं, आणि ते बहुधा साहेबांच्याच आवडत्या कामाला म्हणावं लागतं. पोलॅरिसची गोष्ट यात उद्बोधक आहे. क्षेपणास्त्र वेळेत झालं आणि श्रेय 'पर्ट'ला मिळालं. पुढं हार्वी सपोल्स्की या अभ्यासकानं १९७२ मध्ये प्रकल्पाची छाननी करून दाखवलं की, त्या तक्त्यांचा प्रत्यक्ष कामाला झालेला उपयोग मर्यादित होता. वरिष्ठांची आणि राजकारण्यांची ढवळाढवळ थोपवायला मात्र ते फार कामी आले. तक्ता पाहिला की वरच्यांना वाटतं, सगळं काबूत आहे. हा उपयोगही कमी नाही, पण त्याला वेग म्हणत नाहीत.

आकडे चांगले, तरी

मोजदादीच्या बाबतीत चरखेवाले कुणाला हार जाणारे नव्हते. सुताची लांबी, नंबर, समानता आणि कस, चारही गोष्टी तपासल्या जात. ६४० तारांची एक गुंडी, हे माप सर्वांना सारखं. साबरमतीच्या आश्रमात संध्याकाळच्या प्रार्थनेला हजेरी व्हायची. नाव पुकारलं की ज्यानं त्यानं त्या दिवशी किती तार कातले, ते सर्वांसमोर सांगायचं. आयटी कंपन्यांतली रोजची उभ्या उभ्या होणारी मीटिंग याहून वेगळं काय करते? आणि तिथं "चालू आहे, ८० टक्के झालं" हे उत्तर चालत नव्हतं. तार कातला गेला आहे किंवा नाही, एवढंच.

विनोबांनी तर मोजमापाचा रोखच फिरवला. १९३० च्या दशकाच्या मध्यात वर्ध्याजवळ नालवाडीला ते तासन् तास कातत बसले आणि कातणाऱ्याला जी मजुरी मिळते तीतच भागवायचं, असा प्रयोग त्यांनी स्वतःवर केला. यंत्र तासाला किती सूत देतं हा प्रश्न सगळेच विचारत होते. दिवसभर कातून माणूस पोटभर जेवतो का, हा प्रश्न त्यांनी विचारला. याच सुमारास, १९३५ मध्ये, कातणारीला जगण्यापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, असं धोरण चरखा संघानं स्वीकारलं. गांधीजींना आठ तासांना आठ आणे हवे होते. तिथवर मजल गेली नाही, पण खादी महागेल या भीतीला न जुमानता दर वाढवले गेले. उत्पादन किती झालं याच्या शेजारी, ज्याच्यासाठी ते करतो त्याचं काय झालं, हा दुसरा रकाना तेव्हा आला.

आणि मग १९४४. मे महिन्यात आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर गांधीजी सेवाग्रामला परतले आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला चरखा संघाच्या विश्वस्तांची बैठक तिथं झाली. संघाचा वीस वर्षांचा पसारा समोर होता: हजारो खेडी, लाखो कातणाऱ्या, कोट्यवधी रुपयांची वाटलेली मजुरी. आजच्या डॅशबोर्डवर हे सगळे चौकोन हिरवे दिसले असते. गांधीजींचं म्हणणं वेगळंच होतं. खेड्यातल्या बायका मजुरीसाठी कातत होत्या, कापड शहरातले लोक घालत होते आणि कातणारीच्या अंगावर गिरणीचं लुगडं होतं. खेडं आपल्या पायावर उभं राहावं हा मूळ हेतू बाजूला पडला होता. काम वाढलं होतं, हेतू मागं राहिला होता. त्या बैठकीतून खादीची दिशा बदलायचं ठरलं: विक्रीसाठी खादीऐवजी वापरासाठी खादी. पुढच्या वर्षी तर खादी घेताना किमतीचा काही भाग सुतात द्या, असा नियम आला. त्यानं विक्रीचे आकडे घसरणार, हे उघड होतं. तरीही तो केला.

हा बदल पुढं यशस्वी झाला का, यावर खादीवाल्यांतच दोन मतं आहेत. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळं. वीस वर्षांचे चांगले आकडे हातात असताना, प्रमुखानंच ते बाजूला सारून 'हे कशासाठी?' असं विचारलं. चार्ल्स गुडहार्ट या अर्थतज्ज्ञाचा १९७५ चा एक नियम प्रसिद्ध आहे: एखादं मोजमाप हेच ध्येय केलं की ते मोजमाप म्हणून निकामी होतं. आजच्या कंपन्यांत 'किती कार्डं बंद झाली' हे ध्येय झालं की लोक कामाचे बारीक तुकडे पाडून कार्डं वाढवतात. आकडा फुगतो, गिऱ्हाइकाच्या हातात काही पडत नाही.

सूर्यावरचा चरखा

चरख्याचा वेग वाढवण्याचं काम पुढंही थांबलं नाही. तमिळनाडूच्या एकंबरनाथन यांनी गिरणीच्या तत्त्वावर, म्हणजे रुळांनी पेळू ओढत सूत काढणारा चरखा तयार केला. त्याचं नाव अंबर. १९५५ मध्ये द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं ग्रामोद्योगांचा विचार करताना अंबरवर भिस्त ठेवली. एकदम देशभर न लादता आधी चाचणी झाली, केंद्रं निघाली, दुरुस्त्या होत गेल्या आणि चार चात्यांचा अंबर पुढं सहा-आठ चात्यांचा झाला. लाखाच्या बक्षिसानं जे साधलं नाही, ते अशा टप्प्याटप्प्यानं बरंचसं साधलं.

मगनवाडीत आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. वर्ध्यात तिला सगळे 'एमगिरी' म्हणतात. खादी, ग्रामीण अभियांत्रिकी, ऊर्जा यांच्या जोडीला तिथं व्यवस्थापनाचाही स्वतंत्र विभाग आहे. सौर चरख्यावर या संस्थेत काम झालं आहे. सौर चरख्याचा पथदर्शी प्रयोग २०१६ मध्ये बिहारच्या नवादा जिल्ह्यातल्या खनवा गावात झाला आणि २७ जून २०१८ रोजी ५० क्लस्टर आणि ५५० कोटी रुपयांच्या तरतुदीनं केंद्र सरकारनं 'मिशन सोलर चरखा' सुरू केलं. आता चाती सूर्याच्या विजेवर फिरते, बाईच्या हातापायांचा भार गेला, सूत कितीतरी जास्त निघतं. म्हणजे १९२९ च्या अटींतली सगळ्यात अवघड गाठ सुटली. मात्र कायद्यानं खादी म्हणजे हातानं कातलेलं आणि हातानं विणलेलं कापड. त्यामुळं सौर चरख्याचं कापड खादी म्हणून विकता येत नाही. ते 'सोलर वस्त्र' म्हणून विकायचं. वेग घेतला की काहीतरी द्यावं लागतं. काय दिलं, ते इथं निदान लेबलवर लिहिलेलं आहे.

आधी काय, मग काय

सेवाग्रामला आश्रम आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे, तसं इंजिनिअरिंग कॉलेजही आहे. तिथून बाहेर पडणारी मुलं नागपूर-पुण्याला जाऊन पहिल्याच आठवड्यात कार्डं सरकवायला लागतात. त्यांना आणि त्यांना नोकरी देणाऱ्या उद्योजकांना सांगण्यासारखं या सगळ्यातून निघतं ते एवढंच.

सॉफ्टवेअर जरूर घ्या, पण चौथ्या पायरीवर. आधी हे उत्पादन कुणाचं काय सोपं करणार ते एका वाक्यात लिहा आणि अटी भांडल्या तर कुठली मागं घ्यायची, ते त्याच दिवशी ठरवा. मग अर्धवट नमुना वापरणाऱ्याच्या हातात द्या, महिनाअखेरीची वाट पाहू नका. तिसरं, हातातली निम्मी कामं थांबवा. हे तिन्ही झाल्यावर आठवण देणं, निरोप पोचवणं, चाचण्या चालवणं, अहवाल काढणं हे सगळं बिनदिक्कत यंत्राला द्या. त्यात माणूस अडकवणं ही उधळपट्टी आहे. वाचलेल्या वेळात आणखी कामं मात्र घेऊ नका. दर तीन महिन्यांनी एक दिवस सगळे आकडे मिटवून ठेवा आणि १९४४ मध्ये सेवाग्रामला विचारलेला प्रश्न आपल्या उत्पादनाला विचारा. त्याचं उत्तर समाधानकारक नसेल तर प्रकल्प थांबवायची तयारी ठेवा, आणि ती तयारी नसेल तर सॉफ्टवेअरचे पैसे वाचवा.